टायट्रेशन अचूक कसं करावं: व्हिनेगरमधल्या आम्लापासून बोअरच्या पाण्यापर्यंत

टायट्रेशन, म्हणजेच अनुमापन, ही रसायनशास्त्रातली मोजमापाची सर्वांत स्वस्त आणि तरीही अतिशय विश्वासार्ह पद्धत आहे. तीव्रता माहीत असलेलं द्रावण ब्युरेटमधून (मापाच्या खुणा आणि खाली तोटी असलेल्या काचेच्या नळीतून) मोजून सोडायचं, फ्लास्कमधल्या अज्ञात पदार्थाशी त्याची अभिक्रिया पूर्ण झाली की थांबायचं आणि किती मिलिलिटर लागले त्यावरून हिशेब मांडायचा. बारावीच्या प्रॅक्टिकलला हेच असतं. दुधाची आम्लता, वाइनमधलं आम्ल आणि पिण्याच्या पाण्याचा कठीणपणाही असाच काढतात.

शिकणाऱ्याचं सगळं लक्ष रंग बदलण्याच्या क्षणावर असतं. प्रत्यक्षात तो भाग थोड्या सरावानं जमतो. निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा ब्युरेटची तोटी उघडण्याआधीच: वजन करताना, काच विसळताना, द्रावण बनवताना. म्हणून या लेखात त्या कामांना जास्त जागा दिली आहे. मुख्य उदाहरण घेतलंय व्हिनेगरचं, कारण त्यात जवळपास सगळ्या संकल्पना येतात.

समतुल्य बिंदू आणि अंत्यबिंदू

व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाचा एक मोल (मोल म्हणजे कणांची ठरलेली संख्या) सोडियम हायड्रॉक्साइड या अल्कलीच्या एका मोलबरोबर अभिक्रिया करतो. फ्लास्कमध्ये आम्लाचे जेवढे मोल होते बरोबर तेवढेच अल्कलीचे पडले, की तो समतुल्य बिंदू. हा बिंदू हिशेबातला आहे, डोळ्यांना दिसत नाही. आपल्याला दिसतो तो अंत्यबिंदू, म्हणजे दर्शकाचा (खूण म्हणून घातलेल्या रंगद्रव्याचा) रंग बदलतो ती जागा. या दोन्हींत जेवढं अंतर, तेवढी चूक. योग्य दर्शक निवडायचा तो हे अंतर एका थेंबाच्या आत राहावं म्हणून.

कुठलीही अभिक्रिया टायट्रेशनला चालत नाही. ती ठरलेल्या प्रमाणातच व्हायला हवी, जवळजवळ शंभर टक्के पूर्ण व्हायला हवी, झटपट व्हायला हवी आणि ती संपल्याची स्पष्ट खूण मिळायला हवी. यातली एक अट जरी सुटली तरी काहीतरी युक्ती करावी लागते. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांची अभिक्रिया थंडीत फार सावकाश होते, म्हणून तिथे द्रावण तापवतात.

प्राथमिक प्रमाण पदार्थ: सगळ्या हिशेबाचा पाया

सोडियम हायड्रॉक्साइडचे ४ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवले की ०.१ मोलर (म्हणजे लिटरला ०.१ मोल) द्रावण झालं, असं कागदावर दिसतं. तसं ते होत नाही. त्याच्या गोळ्या हवेतला ओलावा ओढून घेतात आणि कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया होऊन त्यांच्यावर सोडियम कार्बोनेट तयार होतं. पावसाळ्यात कोकणातल्या किंवा मुंबईतल्या प्रयोगशाळेत बाटली उघडून ठेवली तर गोळ्या बघता बघता ओलसर होतात. वजनकाट्यावर दिसणाऱ्या चार ग्रॅममध्ये खरं हायड्रॉक्साइड किती, हे त्या आकड्यावरून सांगताच येत नाही.

म्हणून आधी असा पदार्थ लागतो ज्याच्या वजनावर पूर्ण भरवसा ठेवता येतो. तो शुद्ध मिळावा, हवेत टिकावा, वाळवता यावा, पाण्यात विरघळावा आणि त्याचं मोलर वस्तुमान (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) जास्त असावं. शेवटची अट वजनातली चूक कमी करण्यासाठी: पदार्थ जास्त ग्रॅममध्ये घ्यावा लागला, तर काट्याची तेवढीच चूक टक्क्यांत लहान होते.

अल्कलीसाठी सर्वांत चांगला पदार्थ पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, प्रयोगशाळेच्या बोलीत केएचपी. मोलर वस्तुमान २०४.२२. तो ११० ते १२० अंश सेल्सियसवर दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये (आत ओलावा शोषणारा पदार्थ असलेल्या बंद भांड्यात) थंड करायचा. गरम बाटली काट्यावर ठेवू नका. तिच्याभोवतीची गरम हवा वर चढते आणि वजन कमी दाखवते.

शाळा-कॉलेजात केएचपीऐवजी ऑक्झॅलिक आम्ल वापरतात. ते स्वस्त आहे आणि चालतंही, पण त्याच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात. मोलर वस्तुमान १२६.०७ धरायचं ते या पाण्यासकट. हे स्फटिक ओव्हनमध्ये ठेवले तर पाणी निघून जातं आणि हिशेब कोलमडतो, म्हणून ते वाळवायचेच नाहीत. शिवाय या आम्लाचा एक मोल अल्कलीचे दोन मोल खातो, हेही विसरून चालत नाही. २५० मिलि द्रावणात १.५७६ ग्रॅम घेतलं की ते ०.०५ मोलर, म्हणजेच ०.१ नॉर्मल (लिटरला ०.१ मोल अल्कली खाणारं) होतं. मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटी यांची सरमिसळ केल्यानं उत्तर थेट दुप्पट किंवा निम्मं येतं. सुरुवातीपासून मोलमध्येच हिशेब करावा, हे आमचं स्पष्ट मत आहे. अभिक्रियेचं समीकरण समोर असलं की तो हिशेब चुकणं अवघड.

काच: काय कशानं विसळायचं

लागणारी काच अशी: ५० मिलिची ब्युरेट, २५ मिलिची एकाच खुणेची पिपेट (ठरलेलं माप ओढून घेणारी नळी), २५० मिलिचा मापन फ्लास्क आणि २५० मिलिचे दोन-तीन कॉनिकल फ्लास्क. ब्युरेट आणि पिपेट ‘अ’ वर्गाची असेल तर ५० मिलिच्या ब्युरेटला ०.०५ मिलिपर्यंत आणि २५ मिलिच्या पिपेटला ०.०३ मिलिपर्यंत फरक चालतो असं मानक आहे. ‘ब’ वर्गात ही मुभा साधारण दुप्पट.

काच स्वच्छ आहे का हे पाण्यावरून कळतं. पाणी सोडल्यावर आतल्या भिंतीवर सलग पातळ थर राहिला तर ठीक. थेंब चिकटून राहिले तर आत तेलकटपणा आहे आणि प्रत्येक वाचनात तेवढं द्रावण भिंतीला राहणार. कोमट पाणी, डिटर्जंट आणि लांब ब्रश पुरेसा असतो. जुन्या पुस्तकांतलं क्रोमिक आम्लाचं मिश्रण आता वापरू नये. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे.

आता विसळणं. इथे सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून प्रत्येकाचं कारण बघू.

ब्युरेट शेवटी त्यात भरायच्या द्रावणानंच, सुमारे ५ मिलि घेऊन तीनदा विसळायची आणि प्रत्येक वेळी थोडं तोटीतूनही सोडायचं. आत नुसतं पाणी राहिलं तर अल्कली पातळ होते, जास्त मिलि लागतात आणि व्हिनेगर आहे त्यापेक्षा तीव्र दिसतं. पिपेट ज्या द्रावणाचं माप घ्यायचं त्यानं विसळायची. पाणी राहिलं तर नमुना पातळ होऊन निकाल कमी येतो. कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरनं. तो ओला असला तरी काहीच बिघडत नाही, कारण आपण मोजून टाकलेले मोल पाण्यानं बदलत नाहीत. उलट तो ‘आपल्या’ द्रावणानं विसळला तर भिंतीला राहिलेलं जादा आम्ल मोजणीत येतं आणि निकाल फुगतो. मापन फ्लास्कही याच कारणानं पाण्यानंच.

अल्कलीसाठी टेफ्लॉनच्या तोटीची ब्युरेट घ्यावी. काचेची तोटी अल्कलीनं धरते आणि काही दिवसांत जाम होते.

सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण

डिस्टिल्ड वॉटर पाच-दहा मिनिटं उकळून, झाकून थंड करा. उकळल्यानं त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. साध्या कामासाठी ४.२ ग्रॅम गोळ्या प्लास्टिकच्या बीकरमध्ये थोड्या पाण्यात विरघळवा, थंड होऊ द्या आणि एक लिटर करा. गोळ्या विरघळताना द्रावण चांगलंच तापतं. चष्मा आणि हातमोजे घालूनच हे करायचं.

जास्त अचूकता हवी असेल तर कार्बोनेट बाजूला काढण्याची एक सुंदर पद्धत आहे. ५० ग्रॅम गोळ्या ५० ग्रॅम पाण्यात, बीकर थंड पाण्यात ठेवून, हळूहळू विरघळवा. इतक्या तीव्र अल्कलीत सोडियम कार्बोनेट जवळजवळ विरघळतच नाही. बंद प्लास्टिकच्या बाटलीत काही दिवस ठेवलं की ते तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण साधारण ५.३ मिलि घेऊन उकळून थंड केलेल्या पाण्यात एक लिटर केलं, की ०.१ मोलरच्या जवळपासचं कार्बोनेटमुक्त द्रावण मिळतं. ते पॉलिथिनच्या बाटलीत ठेवा. काचेच्या बाटलीची काच अल्कली हळूहळू खाते.

दोन्ही पद्धतींत हाती येतं ते ‘सुमारे’ ०.१ मोलर. खरा आकडा पुढच्या पायरीत मिळतो.

प्रमाणीकरण

१. वाळवलेला केएचपी सुमारे ०.५१ ग्रॅम, चार दशांश दाखवणाऱ्या काट्यावर, कॉनिकल फ्लास्कमध्ये वजन करून घ्या. नेमकं ०.५१०६ ग्रॅमच आणण्याच्या मागे लागू नका. जे वजन आलं ते अचूक लिहून ठेवणं महत्त्वाचं. असे तीन फ्लास्क करा.

२. प्रत्येकात ५० मिलि उकळून थंड केलेलं पाणी घालून पूर्ण विरघळवा. एकही कण तळाशी दिसता कामा नये. फिनॉल्फ्थेलिनचे दोन थेंब टाका.

३. ब्युरेट भरा, फनेल काढून घ्या, तोटी एकदम पूर्ण उघडून टोकातला हवेचा बुडबुडा घालवा. टोकाला लटकलेला थेंब टिपून घ्या. सुरुवातीचं वाचन लिहा. ते शून्यच असायला हवं असं नाही.

४. डाव्या हातानं तोटी, उजव्या हातानं फ्लास्क गोल फिरवत द्रावण सोडा. जिथे थेंब पडतो तिथे गुलाबी ढग दिसून विरतो. ढग विरायला वेळ लागू लागला की थेंब-थेंब सोडा. फ्लास्कच्या आतल्या भिंती वॉशबॉटलनं धुऊन घ्या.

५. शेवटी अर्धा थेंब: तोटी जेमतेम उघडून टोकाला थेंब लटकू द्या, तो फ्लास्कच्या आतल्या भिंतीला लावा आणि पाण्यानं खाली घ्या. फिकट, जेमतेम दिसणारा गुलाबी रंग साधारण ३० सेकंद टिकला की थांबायचं. त्यानंतर तो फिका पडला तरी आणखी अल्कली घालायची नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला पुसतोय. पांढऱ्या कागदावर फ्लास्क ठेवला की हा रंग ओळखणं सोपं जातं. गडद राणी रंग आला म्हणजे पुढे गेलात.

याच पाण्यात केएचपी न घालता दर्शक टाकून रंग यायला किती लागतं ते एकदा बघा. हा झाला कोरा प्रयोग. त्याचं माप प्रत्येक वाचनातून वजा करायचं.

समजा ०.५१३४ ग्रॅमला २५.४० मिलि लागले आणि कोऱ्याला ०.०५. म्हणजे खरे २५.३५ मिलि. केएचपीचे मोल ०.५१३४ भागिले २०४.२२, म्हणजे ०.००२५१४. त्याला ०.०२५३५ लिटरनं भागलं की अल्कली ०.०९९१७ मोलर. बाटलीवर हा आकडा आणि तारीख लिहा. कार्बन डायऑक्साइड आत शिरतच असतो, म्हणून दर आठवड्याला पुन्हा प्रमाणीकरण केलेलं बरं.

काटा दोनच दशांश दाखवणारा असेल तर ०.५१ ग्रॅम वजन करणं निरर्थक आहे, कारण ०.०१ ग्रॅमची चूक म्हणजे दोन टक्के. अशा वेळी ५.११ ग्रॅम घेऊन २५० मिलि द्रावण करा आणि त्यातले २५ मिलि पिपेटनं घ्या. चूक दहापट कमी होते.

व्हिनेगरची आम्लता

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार व्हिनेगरमध्ये दर १०० मिलिला किमान ३.७५ ग्रॅम ॲसिटिक आम्ल असावं लागतं. बाटलीतलं व्हिनेगर थेट टायट्रेट केलं तर ते फार तीव्र पडतं: २५ मिलिला ब्युरेट चारदा भरावी लागेल. म्हणून २५ मिलि व्हिनेगर पिपेटनं घेऊन मापन फ्लास्कमध्ये २५० मिलि करा, बूच लावून फ्लास्क किमान दहा-बारा वेळा उलटासुलटा करा. हे हलवणं अर्धवट राहिलं तर प्रत्येक नमुना वेगळा निघतो आणि कारण सापडत नाही.

या पातळ द्रावणातले २५ मिलि कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्या. पिपेट रबरी बल्बनंच भरायची, तोंडानं कधीच नाही. रिकामी करताना तिचं टोक भिंतीला टेकवून द्रावण आपोआप उतरू द्या, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि टोकात उरलेला थेंब फुंकून काढू नका. पिपेटचं माप तो थेंब वगळूनच ठरवलेलं असतं. ५० मिलि पाणी आणि दोन थेंब फिनॉल्फ्थेलिन घालून आधीसारखंच टायट्रेशन करा.

पहिला प्रयोग अंदाजासाठी, पटापट. पुढचे तीन नीट. त्यांच्या वाचनांत ०.१० मिलिपेक्षा जास्त फरक नसावा. समजा १७.६५, १७.६० आणि १७.७० आले, सरासरी १७.६५. मग आम्लाचे मिलिमोल १७.६५ गुणिले ०.०९९१७, म्हणजे १.७५०. फ्लास्कमध्ये मूळ व्हिनेगर २.५ मिलि होतं, म्हणून तीव्रता ०.७०० मोलर. ॲसिटिक आम्लाच्या ६०.०५ मोलर वस्तुमानानं गुणलं की लिटरला ४२.०४ ग्रॅम, म्हणजे दर १०० मिलिला ४.२० ग्रॅम.

व्हिनेगर दहापटच का पातळ केलं? ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिचा. १७.६५ मिलिमध्ये तो ०.३ टक्के होतो. वीसपट पातळ केलं असतं तर नऊ मिलिच लागले असते आणि तोच थेंब दुप्पट महाग पडला असता. प्रयोग आखतानाच २० ते ४० मिलि लागतील असं बघावं. १५ च्या खाली जाऊ नये.

फिनॉल्फ्थेलिनच का?

याच टायट्रेशनचा सामू (पीएच) बघा. ॲसिटिक आम्लाचा पीकेए (आम्ल किती सौम्य ते सांगणारा आकडा) ४.७६, म्हणून निम्मं आम्ल संपलं की सामू ४.७६. समतुल्य बिंदूच्या एक थेंब आधी तो सुमारे ७.३ असतो, बिंदूवर साधारण ८.५ आणि एक थेंब जास्त झाला की ९.७. दोन थेंबांत सामू अडीच अंकांनी उडी घेतो. फिनॉल्फ्थेलिनचा रंग ८.२ ते १० या पट्ट्यात बदलतो, म्हणजे बरोबर या उडीत. बिंदूवर सामू ७ नसतो, कारण तयार झालेलं सोडियम ॲसिटेट स्वतः किंचित अल्कधर्मी आहे.

इथे मिथिल ऑरेंज वापरलं तर? त्याचा पट्टा ३.१ ते ४.४. सामू ४.४ ला पोचतो तेव्हा आम्लाचा जेमतेम ३० टक्के भाग संपलेला असतो. रंग सुरुवातीपासूनच हळूहळू तांबड्याचा पिवळा होत जातो, ठळक क्षण येतच नाही आणि कुठेही थांबलात तरी उत्तर चुकीचं. हायड्रोक्लोरिक आम्लासारखं तीव्र आम्ल असेल तर मात्र एका थेंबानं सामू ४ वरून ७ आणि पुढच्यानं १० पर्यंत जातो. तिथे दोन्ही दर्शक चालतात. सौम्य अल्कली, उदाहरणार्थ अमोनिया, तीव्र आम्लानं टायट्रेट करताना बिंदू आम्लाच्या बाजूला येतो आणि मिथिल रेड (४.४ ते ६.२) योग्य ठरतं. सौम्य आम्ल आणि सौम्य अल्कली एकमेकांविरुद्ध दर्शकानं टायट्रेट करूच नयेत. उडी इतकी पसरट असते की रंगाला पकडायला काही उरत नाही.

दर्शक स्वतः एक सौम्य आम्ल किंवा अल्कली असतो. दोनऐवजी दहा थेंब टाकले तर तोही आपला वाटा खातो.

चूक झाली तर निकाल कुठल्या बाजूला झुकतो

उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं आलं की दिशा बघून कारण शोधता येतं.

टोकातला बुडबुडा मध्येच निघून गेला तर त्याची जागा द्रावणानं भरते. ते फ्लास्कमध्ये न पडताही वाचनात येतं, निकाल जास्त. फनेल वरच राहिलं आणि त्यातून थेंब आत पडत राहिले तर वाचन कमी, निकाल कमी. डोळा मेनिस्कसच्या (नळीतल्या द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या) वर असेल तर ब्युरेटवरचा आकडा खऱ्यापेक्षा लहान दिसतो, खाली असेल तर मोठा. पहिलं वाचन उभं राहून आणि शेवटचं वाकून घेतलं की दोन्ही चुका एकत्र होतात. डोळा पातळीत आणून, मागे काळी पट्टी काढलेलं कार्ड धरून, मेनिस्कसची खालची कड वाचावी. परमँगनेटसारख्या गडद द्रावणात ती दिसत नाही, तिथे वरची कड वाचतात; फक्त दोन्ही वेळा वरचीच.

एक गोष्ट नेहमी सुटते. याच चुका प्रमाणीकरणाच्या वेळी झाल्या तर परिणाम उलटा होतो. तिथे जास्त मिलि लागले की अल्कली पातळ ठरते आणि पुढचे सगळे निकाल कमी येतात. वाचनं एकमेकांशी जुळतात, म्हणून संशयही येत नाही. वाचनं जुळणं आणि निकाल बरोबर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

अल्कलीत शिरलेल्या कार्बोनेटचंही असंच. फिनॉल्फ्थेलिनसमोर कार्बोनेट बायकार्बोनेटपर्यंतच जातं, म्हणजे त्याची निम्मी ताकद वाया. पण प्रमाणीकरण आणि नमुना दोन्हींना एकच दर्शक वापरला तर ही चूक बरीचशी एकमेकांत कटते. शक्य तिथे दोन्ही कामं एकाच ब्युरेटनं, एकाच दर्शकानं, एकाच दिवशी करावीत.

तापमानाचा विचार विदर्भात-मराठवाड्यात करावाच लागतो. पाणी २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेलं की त्याचं आकारमान ०.३ टक्क्यांनी वाढतं. एसी खोलीत बनवलेलं द्रावण मे महिन्यात बाहेरच्या टेबलावर वापरलं, की एका थेंबाएवढी चूक फुकटची पदरात पडते.

बोअरच्या पाण्याचा कठीणपणा

कठीणपणा म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. ते ईडीटीए या धातूचे आयन पकडणाऱ्या संयुगानं मोजतात. ईडीटीएचा एक रेणू धातूच्या एका आयनाला पकडतो, त्यामुळे हिशेब पुन्हा एकास एक.

०.०१ मोलर द्रावणासाठी ईडीटीएच्या डायसोडियम क्षाराचे (दोन रेणू पाण्यासकट) ३.७२३ ग्रॅम एक लिटर करा. प्रमाणीकरणासाठी वाळवलेलं कॅल्शियम कार्बोनेट १.००० ग्रॅम थोड्या पाण्यात भिजवून, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंब-थेंब घालून विरघळवा, उकळून कार्बन डायऑक्साइड घालवा, थंड करून अमोनियानं उदासीन करा आणि एक लिटर करा. याच्या प्रत्येक मिलिमध्ये एक मिलिग्रॅम कार्बोनेट असतं. बफरसाठी (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणासाठी) १७.५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड १४२ मिलि तीव्र अमोनियात विरघळवून २५० मिलि करतात. हे काम धूर खेचणाऱ्या कपाटातच. दर्शक एरिओक्रोम ब्लॅक टी. त्याचं द्रावण लवकर खराब होतं, म्हणून ०.५ ग्रॅम दर्शक १०० ग्रॅम कोरड्या मिठाबरोबर खलून ठेवलेली पूड चिमूटभर वापरावी.

५० मिलि पाणी घ्या, १ ते २ मिलि बफर घालून सामू १० करा, दर्शक टाका. द्राक्षरसासारखा लाल रंग येतो. ईडीटीए सोडत जा. लाल, मग जांभळट आणि शेवटी जांभळ्याची छटाही नसलेला स्वच्छ निळा. शेवटचे थेंब तीन-चार सेकंदांच्या अंतरानं सोडा, कारण इथे रंग थोडा रेंगाळतो. बफर घातल्यापासून पाच मिनिटांत काम संपवा, नाहीतर अल्कधर्मी पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागतं आणि निकाल कमी येतो.

०.०१०० मोलर ईडीटीए २१.४० मिलि लागलं, तर कठीणपणा लिटरला ४२८ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत स्वीकार्य मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० आहे. म्हणजे हे पाणी पहिल्या मर्यादेबाहेर आणि दुसरीच्या आत.

रंग निळा होतच नाही, अशी तक्रार बोअरच्या पाण्यात येते. बहुतेक वेळा लोह किंवा तांबं दर्शकाला धरून बसलेलं असतं. लोहासाठी बफरच्या आधी थोडं ट्रायइथॅनॉलामाइन घाला, किंवा नमुना पातळ करून बघा. रंगबदल लांबट आणि धूसर असेल तर पाण्यात मॅग्नेशियम फार कमी आहे. या दर्शकाला ठळक बदलासाठी थोडं मॅग्नेशियम लागतंच. बफरमध्ये ईडीटीएचा मॅग्नेशियम क्षार मिसळला की रंग एकदम पालटतो आणि हिशेब बदलत नाही. फक्त कॅल्शियम हवं असेल तर सोडियम हायड्रॉक्साइडनं सामू १२ च्या वर न्या. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बाजूला पडतं. म्युरेक्साइड दर्शक वापरून उरलेलं कॅल्शियम मोजा.

परमँगनेटबद्दल थोडक्यात

इथे वेगळा दर्शक लागत नाही, परमँगनेटचा स्वतःचा गुलाबी रंगच खूण देतो. आम्ल म्हणून सौम्य सल्फ्युरिकच घ्यायचं. हायड्रोक्लोरिकचं परमँगनेट क्लोरीन करून टाकतं आणि नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. ऑक्झॅलिक आम्ल ६० ते ७० अंशांवर न्या. पहिल्या काही थेंबांचा रंग हळू जातो, मग तयार झालेलं मँगनीज अभिक्रियेला वेग देतं. तपकिरी गढूळपणा दिसला तर आम्ल कमी पडलंय किंवा परमँगनेट घाईनं ओतलंय. तो नमुना फेकून नवा घ्या. मोहरचं मीठ (लोहाचा एक क्षार) मात्र तापवायचं नाही, लोह हवेनंच ऑक्सिडीभूत होतं.

काम झाल्यावर ब्युरेटमधलं उरलेलं द्रावण बाटलीत परत ओतू नका. अल्कलीची ब्युरेट आधी पाण्यानं, मग अगदी सौम्य आम्लानं, शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं विसळा आणि तोटी उघडी ठेवून उलटी लावा. परमँगनेटचे तपकिरी डाग पाण्यानं जात नाहीत. थोडं आम्ल घातलेल्या ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणानं ते लगेच निघतात.